नॉट इन आणि एक रिकामा रकाना: सबक्वेरीतल्या या चुका टाळा

चिकोडी, अथणी, निपाणी पट्ट्यात गाळप हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात एक यादी रोज लागते: कोणत्या सभासदाचा ऊस अजून आलेला नाही? डेटाबेसला एसक्यूएल भाषेत विचारलेला प्रश्न, म्हणजे क्वेरी, अशी लिहिली जाते (नॉट इन म्हणजे ‘यादीत नसलेले’, कंसातली आतली क्वेरी म्हणजे सबक्वेरी):

सिलेक्ट नाव फ्रॉम सभासद व्हेअर क्रमांक नॉट इन (सिलेक्ट सभासद_क्रमांक फ्रॉम पावत्या)

एरर येत नाही, उत्तरात एकही ओळ नाही. सगळ्यांचा ऊस आला असं समजून तोडणीची टोळी दुसऱ्या गावाला पाठवली, तर इथल्या उभ्या उसाला तुरे फुटतात, वजन घटतं. म्हणून ही चूक मला सगळ्यांत घातक वाटते.

दोष वजनकाट्यावरच्या पावत्यांत सापडतो. बिगर सभासदाचा ऊस आला की सभासद क्रमांकाचा रकाना नल, म्हणजे ‘किंमत माहीत नाही’ असा रिकामा, राहतो. समजा, पावत्यांत ४०५, ४०९ आणि एक नल आहे. ४१२ क्रमांकाच्या सभासदाचा ऊस आलेला नाही. ४१२ हा ४०५ पेक्षा वेगळा? हो. ४०९ पेक्षा? हो. नलपेक्षा? माहीत नाही. तिन्ही अटी ‘अँड’ने जोडलेल्या असल्यामुळे एकूण उत्तरही ‘माहीत नाही’, आणि व्हेअर फक्त ‘हो’ आलेल्या ओळी ठेवतं. ४१२ गळाला. असाच प्रत्येक जण गळतो.

शंका आली की आतली क्वेरी एकटी चालवा आणि ‘सभासद_क्रमांक इज नल’ लावून ओळी मोजा. इथे ‘= नल’ लिहू नका, त्याने काहीच सापडणार नाही. दुरुस्ती म्हणून आतच ‘इज नॉट नल’ घालता येतं, पण पुढच्या माणसाच्या हातून ते राहून जातं. मी नॉट एक्झिस्ट्सच (जुळणारी ओळ नाही ना, एवढंच बघणारी अट) सुचवेन, त्यात नलची पावती कुणाशीच जुळत नाही:

व्हेअर नॉट एक्झिस्ट्स (सिलेक्ट १ फ्रॉम पावत्या प व्हेअर प.सभासद_क्रमांक = सभासद.क्रमांक)

दुसरी चूक बिलात होते. उसाच्या रकमेतून खताची उधारी वजा करायला सबक्वेरीत सम, म्हणजे बेरीज, घेतला, तर ज्याने उधारी घेतलीच नाही त्याचा सम शून्य नसून नल येतो, आणि त्याचं अख्खं बिलच नल होतं. ज्याच्यावर एक पैसा देणं नाही, त्याचंच बिल अडकावं हे बरोबर नाही. कोॲलेस (नल आला तर त्याजागी दिलेली किंमत ठेवणारं फंक्शन) लावा, पण सबक्वेरीच्या कंसाबाहेर: कोॲलेस((सिलेक्ट सम(रक्कम) ...), ०). आत लावलेला कोॲलेस नुसत्या समवर चालतो. उद्या कोणी आत ग्रुप बाय (सभासदवार गट) घातलं की उधारी नसलेल्या सभासदाची ओळच उरत नाही, मग आतला कोॲलेस लागणार कशाला?

आधीची नोंद बदलणाऱ्या अपडेटमध्येही हेच. नवी किंमत देणाऱ्या सेटच्या उजवीकडे सबक्वेरी असेल आणि जुळणारी ओळ नसेल, तर जुनी चांगली किंमत पुसून नल बसतो. व्हेअर एक्झिस्ट्स लावल्याशिवाय असं अपडेट चालवू नका.

एक्सेलमधून आलेल्या डेटात रिकामा मजकूर आणि नल वेगवेगळे असतात, ओरॅकल डेटाबेस मात्र दोन्ही एकच धरतो. बाकी ठिकाणी आधी नलइफ लावून रिकाम्या मजकुराचा नल करून घ्या.