अफगाणिस्तानातील मुलीला दुरून शिकवताना

दोन दशकांच्या युद्धाअखेर, १५ ऑगस्ट २०२१ रोजी, तालिबानने काबूल घेतले आणि महिन्याभराने माध्यमिक शाळा उघडल्या तेव्हा वर्गात फक्त मुलग्यांना बोलावले. २३ मार्च २०२२ रोजी उघडलेल्या मुलींच्या शाळा काही तासांतच बंद झाल्या, त्याच वर्षी डिसेंबरात मुलींसाठी विद्यापीठेही बंद झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये परिचारिका व सुईणींचे प्रशिक्षणसुद्धा थांबवण्यात आले. सहावीनंतर घरी बसलेल्या या मुलींपैकी अनेक जणी मोबाइलवर शिकत आहेत. पुण्यात शिकलेल्या अफगाण विद्यार्थ्यांमुळे हा देश आपल्याला अगदीच अनोळखी नाही. ज्यांना इंग्रजी, गणित किंवा विज्ञान नीट शिकवता येते, त्यांनी यात जरूर उतरावे.

मात्र कोणत्याही मुलीशी परस्पर संपर्क साधू नये. अशा मुलींसाठी आधीपासून काम करणाऱ्या संस्थेमार्फतच नाव नोंदवावे, कारण घरच्यांची संमती आणि शिक्षकाची पडताळणी या दोन्ही गोष्टी तिथे झालेल्या असतात.

सर्वांत जास्त काळजी घ्यायची ती सुरक्षिततेची. तिचे पूर्ण नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय विचारू नये. वहीत नावाऐवजी क्रमांक लिहावा. कॅमेरा बंद ठेवूनच तास घ्यावा, तासाचे रेकॉर्डिंग करू नये आणि ठरावीक काळाने संदेश आपोआप पुसले जातील अशी सोय दोन्ही फोनवर करावी. तासाची वेळ तिने ठरवावी, कारण घरात पाहुणे केव्हा येतात आणि फोन केव्हा हाती लागतो हे तिलाच ठाऊक असते. मागील तालिबान राजवटीत, उत्तरेकडे लढाई चालू असतानाच, हेरात शहरातील स्त्रिया शिवणवर्गाच्या नावाखाली साहित्य शिकत आणि पिशवीत कापड व कात्रीच्या खाली वह्या नेत. तो वर्ग टिकला, कारण त्याची वाच्यता झाली नाही. म्हणून आपल्या विद्यार्थिनीच्या प्रगतीचा कितीही अभिमान वाटला तरी समाजमाध्यमांवर तिच्याविषयी एक ओळही लिहू नये, कौतुकाचीसुद्धा नाही.

शिकवण्याची आखणी करताना जोडणी तुटणार हे गृहीत धरावे. भारनियमन तिथे नेहमीचे आहे. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस तर देशभरातील इंटरनेट सुमारे दोन दिवस पूर्ण बंद होते. समोरासमोरच्या तासावर सारा भर ठेवला, तर अशा वेळी अभ्यासच थांबतो. त्यापेक्षा प्रत्येक धडा दोन-तीन पानांची हलकी पीडीएफ आणि दहा मिनिटांची ध्वनिफीत अशा रूपात करावा, निदान तीन आठवड्यांचे धडे आधीच पाठवून ठेवावेत आणि प्रत्यक्ष तास फक्त शंकांसाठी वापरावा. गणितात पूर्ण सोडवलेले उदाहरण, मग अर्धे सोडवलेले आणि शेवटी तिने स्वतः सोडवायचे, असा क्रम ठेवल्यास तिला एकटीलाही पुढे जाता येते. उत्तरे मात्र वेगळ्या फाइलमध्ये द्यावीत.

त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा एक तास मागे असते आणि साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. दरी व पश्तो या तिथल्या भाषा उजवीकडून डावीकडे लिहिल्या जातात, त्यामुळे समीकरणे व आकृत्या समजावताना कोणत्या बाजूने वाचायचे हे सुरुवातीला स्पष्ट सांगावे.

दाखल्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. ऑनलाइन पदवी अभ्यासक्रमांना बहुधा बारावी उत्तीर्ण झाल्याचा पुरावा लागतो आणि तोच या मुलींकडे नसतो. युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल हे ऑनलाइन विद्यापीठ अफगाण स्त्रियांना शिष्यवृत्त्या देते. तिथल्या प्रवेशाच्या अटी पहिल्याच महिन्यात संस्थेबरोबर बसून वाचाव्यात आणि त्यानुसार विषय निवडावेत. शिकवलेले घटक, तारखा आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका क्रमांकानिशी स्वतःकडे जपाव्यात, तिच्या फोनवर नव्हे.

ती अचानक दिसेनाशी झाली तर वारंवार फोन करू नयेत. संस्थेला कळवावे आणि पुढचे धडे तयार ठेवावेत. आपल्यालाच थांबावे लागणार असेल तर महिनाभर आधी सांगावे आणि जपलेल्या या नोंदी नव्या शिक्षकाला समजावून द्याव्यात, म्हणजे तिला पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.