पोराच्या लक्षात राहत नाही असं म्हणायच्या आधी घरी हे करून बघा

आमच्या इंदूरच्या मराठी घरांत हे नेहमी ऐकू येतं, याला चार गोष्टी सांगितल्या की दोन विसरतो. माझ्या भाचीबद्दलही सगळे तेच म्हणायचे, मलाही पटलं होतं, मग एकदा तेवढंच सामान हिंदीत सांगून बघितलं तर तिने सगळं धडाधडा परत म्हणून दाखवलं. घरी थोडं मराठी आणि बाकी दिवसभर हिंदी, त्यामुळे आपले शब्दच तिच्या कानावरून कमी गेलेले.

तर आधी उशी, मांजर, दगड, ससा, पाऊस असे पाच शब्द सेकंदाला एक या वेगाने म्हणा आणि त्याच क्रमाने म्हणायला सांगा. दुसऱ्या दिवशी तसेच पाच हिंदी शब्द, चिड़िया, जूता, सड़क, चाबी, तकिया, आणि दोन्हींत किती आठवतं ते ताडून बघा. आकडे नका घेऊ, बेचाळीस म्हटलं की आपली मुलं मनात बयालीस शोधत बसतात आणि तेवढ्यात पुढचा आकडा निसटतो.

मग खोटे शब्द घ्या, गुमाळी, तिपोडा, सनेकुटी, दोन अक्षरांपासून हळूहळू वाढवत, आणि एकदाच म्हणा. ओळखीचा शब्द अर्धा ऐकू आला तरी डोकं तो पूर्ण करून घेतं, खोट्या शब्दाला तो आधार नसतो, पण त्यातही आपल्या भाषेच्या वळणाचा शब्द सोपा जातो आणि अगदी विचित्र आवाजांचा अवघड. गुमाळीचं गुमाली झालं तर चूक धरू नका हं, हिंदीत ळ नाही म्हणून तसं होतं, आठवणीचा त्यात काही दोष नाही.

सुझन गॅदरकोल, अ‍ॅलन बॅडली या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९२ मध्ये दाखवलं की चार वर्षांच्या वयात जे मूल असे खोटे शब्द नीट म्हणतं त्याचे शब्द पुढच्या वर्षात जास्त वाढलेले दिसतात, पण पाच वर्षांनंतर शब्दसाठाच पुढे चालतो आणि तोच खोटे शब्द म्हणायची ही ताकद वाढवताना दिसतो. म्हणून मी पाठांतरापेक्षा शब्दांवर भर देते, रविवारी पोहे करताना निवडणं, भिजवणं, निथळणं, परतणं मुद्दाम मोठ्याने म्हणायचं, आणि तोच शब्द संध्याकाळी भाजीत, दुसऱ्या दिवशी गोष्टीत परत आणायचा.

दोन्ही भाषांत अडत असेल तर मात्र आधी कान तपासून घ्या, मग स्पीच थेरपिस्टकडे जा आणि घरी कोणती भाषा किती बोलता ते त्यांना आवर्जून सांगा.