समोरच्याचा चेहरा वाचताना या चुका टाळा

बैलबाजारात रुमालाखाली हात घालून सौदा ठरतो, तेव्हा तोंडाने कोणी आकडा काढत नाही. दलाल बोटं दाबतो, गिऱ्हाईक दाबतं, भाव ठरतो. हे चालतं, कारण कुठलं बोट कितीचं ते दोघांनाही आधीपासून ठाऊक असतं. चेहऱ्याचं असं ठरलेलं कोष्टक नाही. आपण मात्र ते आहे असं धरून चालतो, आणि घोळ तिथेच होतो.

नजर खाली, म्हणजे काहीतरी लपवतोय

ही चूक माझीच. मी नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात भरतीचं काम बघतो. लेथच्या, म्हणजे धातू कातायच्या मशीनवरच्या जागेसाठी सुरगाण्याकडचा एक आयटीआय झालेला मुलगा आला होता. प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचा, पण टेबलाच्या पायाकडे बघत. मी फॉर्मवर लिहून टाकलं: आत्मविश्वास कमी, मोकळं बोलत नाही. शेजारी बसलेले फोरमन म्हणाले, "साहेब, पाच मिनिटं खाली मशीनवर घ्या ना याला."

मशीनपुढे पोरगा वेगळाच. कातायचा तुकडा मशीनच्या चकमध्ये धरला, डायल लावून सेंटर बघितलं, व्हर्नियरवरचं माप वाचताना नजर जराही हलली नाही. वर मलाच म्हणाला, "सर, या टूलची धार गेलीय." खरंच गेली होती.

मोठ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलू नये, हे कित्येक घरांत शिकवतात. मीही तसाच वाढलो, तरी खुर्चीत बसल्यावर विसरलो. आणि खोटं पकडण्याचंच म्हणाल, तर बाँड आणि डीपाउलो या मानसशास्त्रज्ञांनी आधीच्या कितीतरी प्रयोगांचे आकडे एकत्र करून २००६ साली हिशोब मांडला. नुसतं बघून-ऐकून खरं-खोटं ठरवणारी माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाली. नाणं उडवलं तरी ५० येतात.

मान डोलावली, म्हणजे ठरलं

मामांची दिंडोरीला द्राक्षबाग आहे. व्यापाऱ्याने भाव सांगितला, मामांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मजूर आणि क्रेट घेऊन गाडी बांधावर हजर. मामा म्हणाले, "मी कधी हो म्हटलं?" मामांची मान 'ऐकलं' म्हणत होती, व्यापाऱ्याने तिचं 'दिलं' केलं. दोघंही आपापल्या जागी खरे. आपल्याकडची ही आडवी-तिरकी मान 'हो', 'बरं', 'बघू', 'बोला पुढे' यातलं काहीही म्हणू शकते, त्यामुळे आकडा तोंडाने वदवून घ्यावा: "मग किलोला एवढा, नक्की ना?" थोडं अवघड वाटतं, पण रिकामी गाडी परत नेण्यापेक्षा बरं.

शब्दांना फक्त ७ टक्के किंमत

हे प्रत्येक ट्रेनिंगमध्ये ऐकायला मिळतं. बोलण्याच्या परिणामात शब्द ७ टक्के, आवाज ३८, चेहरा ५५. आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांमधून आले, पण ते प्रयोग सुट्या शब्दांवरचे होते, आणि प्रश्न एवढाच होता की शब्द, आवाज आणि चेहरा एकमेकांशी जुळत नसतील तर बोलणाऱ्याची आवड-नावड लोक कशावरून ठरवतात. सगळ्या बोलण्याला तो हिशोब लावता येत नाही. पटत नसेल तर लासलगावच्या लिलावाचा व्हिडिओ आवाज बंद करून बघा, आणि कांदा काय भावाने गेला ते सांगा.

हाताची घडी, म्हणजे विरोध

आधी एसीचं तापमान बघा. काही जण तर जन्मभर तसेच उभे राहतात. माणूस एरवी कसा उभा राहतो हे माहीत असेल, तरच आज काही बदललंय का ते कळतं.

फार जवळ आला, म्हणजे अंगावर येतोय

दीड फुटाच्या आत फक्त जिवलग माणसं, हे मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ साली मांडलेलं अंतर अमेरिकेतल्या निरीक्षणांवरून आलेलं. दिवाळीच्या सुट्टीत नाशिकच्या सीबीएस स्टँडवर एसटीत चढताना दीड फूट कुठून आणणार?

व्हिडिओ कॉलवर नजर चुकवतोय

तो तुमच्याच चेहऱ्याकडे बघतोय. चेहरा स्क्रीनवर, कॅमेरा तिच्या वर, म्हणून डोळे खाली दिसतात. मुलाखत असेल तर कॉलची खिडकी सरकवून कॅमेऱ्याखाली आणा, बराच फरक पडतो.

तो सुरगाण्याचा मुलगा आता सेकंड शिफ्टला असतो. माझ्याशी बोलताना अजूनही जमिनीकडेच बघतो. मुलाखतीच्या फॉर्मवरचा 'नजर' हा रकाना काढून टाका असं मी वर कळवलंय. नवीन फॉर्म छापून आले, त्यातही तो आहेच.