एआयला विज्ञान शिकवण्याचे घरबसल्या काम : या चुका टाळा

ऐरोली, खारघर किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या घरातून संध्याकाळच्या वेळात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलना आपला विषय शिकवण्याचे फ्रीलान्स काम आता अनेक वैज्ञानिक करतात. मॉडेलची परीक्षा पाहणारा प्रश्न उत्तरासह लिहिणे, दोन उत्तरांतील सरस कोणते ते ठरवणे आणि तपासणीचे निकष तयार करणे, असे त्याचे साधारण स्वरूप असते. मी रसायनशास्त्राचा आहे. तपासनिसाने परत पाठवलेली माझी कामे पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आले की त्यांतील बहुतेक चुका विषयाच्या अज्ञानातून झालेल्या नव्हत्या. विषय अंगवळणी पडल्यामुळे जे डोक्यात होते ते लिहायचेच राहून गेले होते.

एक साधे उदाहरण घेऊ. ०.१ मोलर ॲसिटिक आम्लाच्या ५० मिलिलिटर द्रावणात तितकेच ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड मिसळल्यास पीएच किती, असा प्रश्न आहे. पहिले उत्तर नेटके, पायरीपायरीने लिहिलेले, आणि शेवटी ८.८८, दुसरे त्रोटक, आणि शेवटी ८.७३. मिश्रणाचे आकारमान दुप्पट होऊन ॲसिटेटची संहती ०.०५ मोलर उरते, हे पहिल्या उत्तराने विचारात घेतलेले नाही, म्हणून दुसरे बरोबर. अशाच एका ठिकाणी मी ‘दुसरे उत्तर अधिक अचूक’ एवढाच शेरा लिहिला आणि काम परत आले. निर्णय योग्य होता, पण तपासनिसाला त्यातून काहीच कळत नव्हते. चूक कोणत्या पायरीवर झाली, तिथे कोणता आकडा हवा होता आणि त्यामुळे अंतिम उत्तर किती बदलले, हे तीन-चार वाक्यांत लिहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दोन्ही उत्तरे वाचण्याआधी गणित स्वतः वहीत सोडवावे. सफाईदार मांडणी आधी वाचली की मन नकळत तिच्या बाजूला झुकते, आणि अनुभवी माणूसही याला अपवाद नसतो.

प्रश्न लिहिताना हीच चूक उलट बाजूने होते. वरच्या प्रश्नात तापमान २५ अंश सेल्सिअस आणि पीकेए (आम्लाची तीव्रता दाखवणारा आकडा) ४.७६ असे दिलेच पाहिजे, कारण तापमानानुसार पीएच बदलतो; ३७ अंशांना शुद्ध पाण्याचाच पीएच सुमारे ६.८ असतो. उत्तर एकमेव नाही म्हणून प्रश्न नाकारला गेला, तर वाद घालण्याआधी तो दोन दिवसांनी कोऱ्या कागदावर, केवळ त्यात दिलेल्या माहितीच्या आधारे सोडवून पाहावा. बहुतेक वेळा न लिहिलेले गृहीतक तिथेच सापडते. स्पष्टीकरण दुसऱ्या चॅटबॉटकडून लिहून घेण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. मॉडेलला माणसाचा विचार मिळावा याचसाठी हे काम असते, आणि अशी नक्कल उघडकीस आल्यास खाते बंद होऊ शकते.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की दिवसा प्रयोगशाळेत पाहिलेली अप्रकाशित अभिक्रिया रात्री प्रश्न म्हणून लिहू नये. आकडे बदलले तरी पद्धत तीच राहते, आणि पेटंटचा अर्ज होण्याआधी माहिती बाहेर गेल्यास त्यातील नावीन्यच धोक्यात येते. नेमणूकपत्रातील बाहेरच्या कामाविषयीचे कलम आधी वाचावे. केंद्र सरकारच्या सेवेत असणाऱ्यांना १९६४ च्या वर्तणूक नियमांतील नियम १५ लागू होतो, त्यामुळे त्यांनी पूर्वपरवानगीशिवाय मोबदल्याचे काम घेऊ नये.

पैसे अडकले तर प्रथम पॅन, बँक खाते आणि परदेशी रक्कम स्वीकारणारे खाते या तिन्हींवर नाव अक्षरशः एकच आहे का ते पाहावे. अमेरिकी कंपनी डब्ल्यू-८बीईएन हा, आपण अमेरिकेबाहेरचे करदाते आहोत असे सांगणारा, अर्ज मागते, तो नीट भरावा. प्रत्येक रकमेचा बँकेचा दाखला जपून ठेवावा, कारण हे उत्पन्न भारतात करपात्र आहे. काम देण्याआधी नोंदणी शुल्क किंवा अनामत मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. दिले असल्यास वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.