कोकणच्या दमट हवेत मेपलची पानं जपताना

मेपल म्हटलं की कॅनडाच्या झेंड्यावरचं पान आठवतं. मला ओढ आहे ती कमी ओळखीच्या जातींची; मेपलचं शास्त्रीय नाव एसर. जपानच्या एसर कार्पिनिफोलियमचं पान अखंड, म्हणजे खोल खाचा नसलेलं, कडा दातेरी. आपल्या हिमालयातल्या एसर ऑब्लाँगमचंही अखंड, लांबट. चीनच्या एसर ग्रिसियमचं पान तर तीन पर्णिकांचं (छोट्या उप-पानांचं), आणि साल दालचिनीच्या रंगाची, कागदासारखी सुटणारी. काय देखणं झाड! पान असं चकवतं, म्हणून ओळखताना फळ बघा: पंख असलेल्या बियांची जोडी. डहाळीवर पानंही समोरासमोर येतात.

यांतल्या थंड प्रदेशातल्या जातींना हिवाळ्याची विश्रांती लागते; रत्नागिरीच्या अंगणात त्या लावून हाल करू नका. प्रवासात गळलेली पानं-फळं गोळा करा.

खरी कसोटी पावसाळ्यात. पान वर्तमानपत्राच्या घडीत वजनाखाली दाबा आणि पहिला आठवडा कागद रोज बदला, एकही दिवस चुकवू नका. कडकडीत वाळल्यावरच ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. ओलसर राहिलं तर बुरशी धरलीच. जात, ठिकाण, तारीख पेन्सिलीनं लिहा. दमटपणात शाई फुटते.