नोव्हेंबरच्या काउंटी इलेक्शनची तयारी, खास न्यू जर्सीतल्या एडिसन आणि आसपासच्या मंडळींसाठी

मंडळी, 3 नोव्हेंबर 2026 ला मतदान आणि 8 ला लक्ष्मीपूजन, म्हणजे चकल्यांच्या नादात हे राहून जाणार हे मी आत्ताच लिहून देते, तेव्हा ही यादी फ्रिजवर लावा.

पहिलं म्हणजे नाव यादीत आहे का ते बघा. सिटिझनशिपची शपथ घेतली, फोटो काढले, पार्टी झाली, पण रजिस्ट्रेशन वेगळं करावं लागतं आणि ते 21 दिवस आधी, म्हणजे यंदा 13 ऑक्टोबरपर्यंत. घर बदललं असेल तर पत्ताही आत्ताच बदला. आणि ग्रीन कार्डवाल्यांनो, लायसन्सच्या फॉर्मवर सिटिझन आहात का विचारतात तिथे घाईघाईत 'हो' वर टिक करू नका, हा प्रकार डिपोर्टेशनपर्यंत जाऊ शकतो, चेष्टा नाही.

मग प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढा, हो तेच, जे बघून बीपी वाढतं. त्यात शाळा आणि गावाबरोबर काउंटीची पण ओळ असते. ते पैसे आपल्या मिडलसेक्स काउंटीचे 7 कमिशनर खर्च करतात, निळ्या पंचकोनी पाटीवर पिवळा नंबर असतो ते रस्ते, आपण पोरांना नेतो ते रूझवेल्ट पार्क, काउंटीचं कॉलेज वगैरे. आपल्या जिल्हा परिषदेसारखंच समजा, फक्त इथे गट नाहीत, सातही जणांना अख्खी काउंटी निवडते, तीन वर्षांसाठी, पण सगळे एकदम नाही, दरवर्षी दोन नाहीतर तीन. 2020 पर्यंत यांना फ्रीहोल्डर म्हणायचे, जुने शेजारी अजून तेच म्हणतात, गोंधळू नका.

सँपल बॅलट, म्हणजे मतपत्रिकेचा नमुना, टपालाने येतो तो पिझ्झाच्या कूपनांबरोबर कचऱ्यात टाकू नका. मी पहिल्या वेळी टाकला होता. बूथमध्ये गेले तर समोर 'सरोगेट' असं पद, आणि माझ्या डोक्यात जे आलं ते इथे लिहीत नाही. मागे रांग, कुणाला विचारायची पण सोय नाही, शेवटी अंदाजपंचे बटण दाबून आले. घरी येऊन शोधलं तर काय, सरोगेट म्हणजे मृत्युपत्रं आणि वारसाचं काम बघणारा अधिकारी, पाच वर्षांसाठी निवडून येतो. आता दर वेळी सँपलवर पेनाने खुणा करूनच जाते. काउंटीची माहिती गुजरातीत मिळते, मराठीची वाट बघत बसू नका.

उमेदवार कोण कोण ते एका रविवारी बसून बघा. गणपतीत स्टेजवर येऊन 'नमस्ते' म्हणून गेला एवढ्यावर मत देऊ नका प्लीज. पैसा कुठून येतो ते राज्याच्या इलेक्शन लॉ एन्फोर्समेंट कमिशनच्या साइटवर दिसतं, 29 दिवस आणि 11 दिवस आधीचे रिपोर्ट असतात, कंत्राटदारांची नावं शोधायला मजा येते. स्कूल बोर्डवाल्यांच्या नावापुढे पक्ष नसतो, म्हणून तिथे थोडा जास्त अभ्यास.

पोस्टाने मत देणार असाल तर आतल्या पाकिटाला जोडलेली सर्टिफिकेटची पट्टी फाडायची नाही, सही रजिस्ट्रेशनवरच्या सहीसारखीच करायची (सासूबाईंनी एकदा मराठीत केली, मग पत्र आलं), आणि पाकीट मतपत्रिकांसाठी ठेवलेल्या ड्रॉप बॉक्समध्ये टाकलेलं बरं. पोस्टाचं बॅलट मागवलं असेल तर मशीनवर मत देता येत नाही, प्रोव्हिजनल कागद (तपासून मग मोजायची मतपत्रिका) देतात.

नाहीतर सरळ अर्ली व्होटिंगला जा, 24 ऑक्टोबर ते 1 नोव्हेंबर, काउंटीतल्या कुठल्याही सेंटरवर चालतं. मंगळवारीच जायचं असेल तर सकाळी 6 ते रात्री 8. उमेदवाराच्या नावाची टोपी घरी ठेवा, 100 फुटांच्या आत प्रचार चालत नाही. खुणा केलेला सँपल मात्र पर्समध्ये आहे ना ते गाडी काढायच्या आधी बघा.