गाईला आकडी आली तर डॉक्टर येईपर्यंत काय करायचं

"मॅडम, गाय पाय झाडायलीय, लवकर या की." मंगळवेढा-सांगोला भागात जनावरांची डॉक्टर म्हणून फिरताना असा फोन आला की माझा पहिला प्रश्न एकच असतो: तोंडात काही ओतलंय का?

बहुतेक वेळा ओतलेलं असतं. ताक, गूळपाणी, गोडं तेल, मिठाचं पाणी, जे हाताला लागेल ते. झटके चालू असताना जनावराला गिळता येत नाही. बाटलीतलं पाणी सरळ फुप्फुसात उतरतं आणि आकडीतून वाचलेली गाय पुढच्या चार-पाच दिवसांत न्यूमोनियाने जाते. म्हणून जनावर नीट शुद्धीवर येऊन स्वतःहून पाणी प्यायला लागेपर्यंत तोंडात काहीही घालू नका. चप्पल हुंगवणं, कांदा फोडून नाकाला लावणं, कपाळावर डाग देणं, यातल्या कशानेही झटका थांबत नाही. डागाची जखम मात्र महिनाभर चिघळते.

आधी दावं आणि वेसणीचा कासरा सोडा, नाही सुटला तर कापा. आकडीत मान आवळून जनावर गेलेलं मी पाहिलंय. गव्हाणीचा कट्टा, दगड, पाण्याचा हौद जवळ असेल तर डोक्याखाली पोतं सारा. चार माणसं अंगावर बसवून झटका दाबता येत नाही, आणि खुराची लाथ बसली तर माणसाची बरगडी मोडते. पायांच्या बाजूला उभं राहू नका. गोंगाट करणारी पोरं आणि बघे लांब पाठवा. उन्हात पडली असेल तर वर ताडपत्री धरा.

झटका ओसरला की गाईला छातीवर बसवा आणि दोन्ही बाजूंना भुश्श्याची पोती लावा. बसतच नसेल तर उजव्या कुशीवर ठेवा, म्हणजे डावी बाजू वर राहील. कोठीपोट डावीकडे असतं. ते खाली दबलं की वायू बाहेर पडत नाही आणि पोट फुगतं. तोंड मानेपेक्षा थोडं खाली असू द्या, लाळ बाहेर गळून जाईल.

मोबाईल मात्र झटका चालू असतानाच काढा. झटका किती वेळ चालतो ते बघा आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. मी पोचेपर्यंत झटका थांबलेला असतो आणि मला तो बघायला मिळत नाही. गावातला डॉक्टर मिळत नसेल तर 1962 या टोल फ्री नंबरवर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन लावा. तेवढ्यात बाकीची जनावरं त्याच चाऱ्यावरून, त्याच पाण्यावरून बाजूला काढा. हे हमखास राहून जातं आणि तासाभरात दुसरं जनावर पडतं.

आता कारणांकडे. आपल्या भागात मला सगळ्यात जास्त धास्ती ज्वारीच्या फुटव्यांची वाटते. मालदांडी ज्वारी काढून झालेली असते, सड रानातच असतात. मे महिन्यात वळवाचा एखादा पाऊस पडतो आणि त्या सडांतून हिरवेगार पोंगे वर येतात. चारा संपत आलेला, जनावर भुकेलं, त्यात हिरवं दिसलं. याच पोंग्यांत सायनाइड तयार करणारा घटक भरपूर असतो. किराळ लागली म्हणतात ती हीच. वळीव होऊन गेल्यावर असाच फोन आला होता. खिलार कालवड दावं तोडून रानात शिरली होती. मी पोचले तेव्हा मान पाठीकडे ताणलेली, श्वास धापांचा, पाय पोहल्यासारखे चाललेले. खालची पापणी बोटाने ओढून पाहिली तर आतला भाग लालभडक. श्वास कोंडलेल्या जनावराची पापणी निळसर दिसायला हवी. सायनाइडमध्ये प्राणवायू रक्तातच अडकून राहतो, शरीराला वापरता येत नाही, म्हणून रक्त असं लाल दिसतं. सोडियम थायोसल्फेट शिरेतून दिलं. थोड्या वेळाने तिने पाय आवरले, कान हलवले आणि छातीवर बसली. मालकाची आई तोवर तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. अशा वेळी अर्धा तास उशीर झाला तर हाती काही लागत नाही.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: गुडघ्याएवढ्या ज्वारीत आणि फुटव्यात जनावर सोडू नका. कडवळ, म्हणजे हिरव्या चाऱ्याची ज्वारी, फुलोऱ्यावर आल्यावरच कापा. वाळलेल्या कडब्यात हे विष फारसं उरत नाही. पापणी लाल न दिसता तपकिरी, चॉकलेटी दिसली तर मात्र नायट्रेटची शंका घ्यायची. त्याचं औषध वेगळं असतं, आणि नायट्रेट चारा वाळवूनही जात नाही.

गाळप हंगामात नुसत्या उसाच्या वाढ्यावर (हिरव्या शेंड्यांवर) ठेवलेल्या दुभत्या गाई-म्हशींचं दुखणं दुसरं. वाढ्यातलं ऑक्झलेट चाऱ्यातला कॅल्शियम बांधून ठेवतं. नुकतंच व्यायलेलं जनावर आधी थरथरतं, अडखळतं, मग बसतं ते उठत नाही. मॅग्नेशियमही घसरला असेल तर आकडी येते. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडा, सोबत कडबा आणि खनिज मिश्रण द्या. कॅल्शियमची बाटली मात्र घरी शिरेतून चढवू नका. भरभर गेलेल्या कॅल्शियमने हृदय जागीच थांबतं. मी स्वतः ती स्टेथोस्कोप छातीला लावून, हळूहळू सोडते.

डाळिंब-द्राक्षाच्या पट्ट्यात औषध फवारलेल्या बांधावरचं गवत आणि ठिबकच्या टाकीतलं युरियाचं पाणी, दोन्ही घातक. गोचीड मारायला पिकाचं कीटकनाशक अंगाला चोळण्याची सवय तर ताबडतोब सोडा. त्यात लाळ, डोळ्यांत पाणी, जुलाब, थरथर आणि मग झटके, असा क्रम दिसतो. अंगाला लावलं असेल तर हातमोजे घालून साबणपाण्याने जनावर धुवा. औषधाची रिकामी बाटली मला दाखवायला ठेवा, फेकू नका. तिच्यावरचं नाव वाचून उपचार ठरतो.

वासरू आंधळ्यासारखं भिंतीला डोकं लावून दात खात असेल तर ट्रॅक्टरची जुनी बॅटरी चाटून शिसं पोटात गेलंय का ते सांगा. धान्य किंवा मळी जास्त खाल्ली असेल तर बी-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन वेळेत लागू पडतं. ताप असेल तर गोचीड ताप बघावा लागतो. मे महिन्यात उन्हाच्या झळेनेही झटके येतात. तिथे सावली आणि अंगावर सतत पाणी, हाच पहिला उपचार. खुरांना पत्र्या (नाल) मारल्यावर किंवा जखमेनंतर बैल लाकडासारखा ताठ झाला, कान ताठ, शेपूट उचललेली, तर धनुर्वाताची शंका घ्या.

पिसाळलेल्या जनावराबद्दल सगळ्यात जास्त काळजी घ्या. आवाज घोगरा, सारखं हंबरणं, लाळेच्या तारा, गिळता न येणं. मालकाला वाटतं घशात काहीतरी अडकलंय आणि तो कोपरापर्यंत हात घालतो. हात घालू नका. चावलेलं असतं ते सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाकडे लांडगा, बाकी सगळीकडे मोकाट कुत्रं. चावा आठवड्यांपूर्वीचा, कधी महिन्यांपूर्वीचाही असतो, त्यामुळे आठवून सांगा. लाळ हाताला लागली तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लसीसाठी जा. लक्षणं दिसू लागल्यावर जनावराला उपचार नाही, माणसालाही नाही. त्या गाईचं कच्चं दूध कुणी प्यायलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

मी आल्यावर आधी झटका थांबवणारं इंजेक्शन शिरेतून देते, मग कारणावर जाते. त्या रात्री कुणीतरी गोठ्यात झोपायचं, कारण झटका परत येऊ शकतो. जनावर स्वतःहून पाणी पिऊन रवंथ करू लागलं की आधी थोडा कडबा, खुराक दुसऱ्या दिवशी. दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही ते मी कागदावर लिहून देते. तेवढे दिवस ते घरातही वापरू नका आणि वासरालाही पाजू नका.